ब्राह्मीच्या बाटलीआधी झोपेचं घड्याळ बघू

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. एका जागी दहा मिनिटं टिकत नाही. गृहपाठाला दीड-दोन तास लागतात आणि त्यात रडारड. शाळेच्या डायरीत लाल शाईनं शेरा, ‘वर्गात लक्ष नसते’. घरात आणि घराबाहेर प्रत्येकाकडे उपाय तयार आहे. सासूबाई म्हणतात ब्राह्मी-शंखपुष्पीचं सिरप सुरू कर, शेजारीण दर महिन्याला सुवर्णप्राशनाला चल म्हणते, जाऊबाईंनी साखर बंद करायला सांगितलीय आणि मैत्रिणीनं उशीवर शिंपडायला लव्हेंडरचं तेल पाठवलंय. आईला विचारायचंय, की डोक्यावर परिणाम करणाऱ्या गोळ्यांकडे न वळता घरच्या घरी, नैसर्गिक पद्धतीनं मूल शांत आणि एकाग्र होईल का? आणि यातलं आधी काय सुरू करावं?

मी नाशिकमध्ये 27 वर्षं मुलांची डॉक्टर आहे. त्यातली अलीकडची बरीच वर्षं ‘बसत नाही, ऐकत नाही, चिडतो’ याच तक्रारी ऐकण्यात गेली. म्हणून सरळ सांगते. तुम्ही चार उपायांबद्दल विचारलंत, पण मला खरी माहिती मिळाली ती तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात: ‘ह्यांना यायला दहा वाजतात, मग आम्ही सगळे एकत्रच जेवतो, झोपायला साडेअकरा होतात.’ सकाळी सातला त्याला उठवावं लागतं, कारण आठला व्हॅन. मी तुमच्या जागी असते तर बाकी सगळं बाजूला ठेवून पहिलं बोट इथं ठेवलं असतं.

साडेअकरा ते सात म्हणजे साडेसात तास. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 24 तासांत 9 ते 12 तास झोप लागते. अगदी खालची रेघ धरली तरी तुमच्या मुलाला रोज दीड तास कमी पडतोय. आठवड्याला साडेदहा तास, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खी रात्र तो जागून काढतो म्हणा ना. मोठ्या माणसाची झोप अपुरी झाली की तो पेंगतो, जांभया देतो. लहान मुलाचं उलटं असतं. ते उधळतं. खुर्चीत वळवळतं, उगाच हसतं, उगाच रडतं, हातातली पेन्सिल कुरतडतं, शेजारच्याला ढोसतं. पेंग येऊ नये म्हणून शरीर स्वतःलाच चाबूक मारत असतं. वर्गातल्या बाईंना हे ‘लक्ष नाही’ असंच दिसणार, त्यात त्यांची चूक नाही. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तोही मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच कारण देऊन. पण शाळा नऊला गेली आणि घरातलं जेवण साडेदहाला सरकलं, तर मिळालेला तास आपणच खाऊन टाकतो.

आता यात अवघड काय आहे ते मला माहीत आहे. बाबा दहाला येतात आणि मूल झोपलेलं दिसलं की त्यांचा जीव तुटतो. ‘दिवसभरात भेटच नाही’ हे वाक्य मी शेकडो बापांच्या तोंडून ऐकलंय आणि ते खोटं नसतं. पण त्या भेटीची वेळ सकाळी आणता येते. सकाळी सात ते आठ बाबांनी मुलाचं सगळं करायचं: दात, आंघोळ, दप्तर, व्हॅनपर्यंत सोडणं. रात्रीच्या अर्ध्या तासात दोघंही दमलेले, एकजण फोनवर आणि दुसरा चेकाळलेला, ती भेट तशीही फारशी जमत नसते. मुलाचं जेवण आठच्या सुमाराला, आजी-आजोबांबरोबर. तुम्ही दोघं मागाहून निवांत जेवा.

झोप एकदम दोन तास अलीकडे ओढू नका. साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला साडेनऊला अंथरुणावर टाकलं तर तो दोन तास छताकडे बघेल आणि तुम्ही दोघी-तिघी त्याला दटावत बसाल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सकाळची उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की, रविवारीसुद्धा फार तर तासाभराचा फरक. उठल्या उठल्या गॅलरीत, अंगणात, निदान खिडकीशी उजेडात. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडानं लागतं. रात्री नऊच्या आरडाओरड्यानं लागत नाही. साडेआठनंतर घरातले पांढरे भगभगीत दिवे बंद करून एक पिवळा दिवा, टीव्ही बंद, आणि मग रोज त्याच क्रमानं त्याच गोष्टी: दात, शू, पांघरूण, गोष्ट. जुन्या घरांत तिन्हीसांजेला दिवा लागला, शुभंकरोती झालं, परवचा झाला, पानं घेतली आणि मुलं आडवी झाली, असा क्रम ठरलेला होता. त्यात देवाधर्माचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यातलं क्रमाचं महत्त्व वाटतं. पुढे काय येणार हे माहीत असलेलं मूल निम्मं शांत झालेलं असतं. नऊ-सव्वानऊपर्यंत पोचायला तुम्हाला साधारण तीन-चार आठवडे लागतील. पहिला आठवडा वाईट जाईल.

झोपेची वेळ सुधारली तरी एक गोष्ट उरते, आणि ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तो घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का, मान मागे टाकून, घामाघूम होऊन, अंथरुणभर फिरत? घोरणं म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे समज आहे. लहान मुलात तसं नसतं. नाकामागची गाठ, म्हणजे अ‍ॅडेनॉइड, किंवा टॉन्सिल वाढलेले असले की श्वास अडतो आणि मेंदू रात्रभर मुलाला अर्धवट जागं करत राहतो. तास दहा भरतात पण झोप होत नाही. लगेच ऑपरेशनचा धसका घेऊ नका. अमेरिकेत 5 ते 9 वयाच्या अशा 464 मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, 2013 मध्ये तो छापून आला. सात महिने नुसती वाट पाहिलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचा झोपेतला अडथळा आपोआप गेला. ऑपरेशन झालेल्यांचं वागणं आणि झोप जास्त सुधारली, पण लक्षाच्या चाचणीचे गुण मात्र दोन्ही गटांत फारसे वेगळे नव्हते. म्हणजे गाठ काढली की मूल हुशार होतं असं नाही, आणि गाठ आहे का हे न बघता वर्षभर सिरप पाजणंही बरोबर नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

कानाचा विषय निघालाच आहे तर माझी स्वतःची चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत पहिलीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. आई म्हणायची, ‘ऐकतच नाही.’ मी चार महिने तिच्या वागण्यावर, आईच्या बोलण्यावर, घरच्या शिस्तीवर बोलत राहिले. शेवटी एका सर्दीत कान तपासला तर पडद्यामागे पाणी साठलेलं. ती खरोखरच ऐकत नव्हती, तिला ऐकूच कमी येत होतं. तेव्हापासून ‘ऐकत नाही’ म्हटलं की मी आधी कान बघते आणि ‘लिहीत नाही’ म्हटलं की डोळे. फळ्यावरचं न दिसणारं मूल फळ्याकडे कशाला बघेल? चष्म्याचा नंबर सात वर्षांचं मूल आपणहून सांगत नाही. जग असंच धूसर असतं अशी त्याची समजूत असते.

आता रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातली 6 ते 59 महिन्यांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयात मोडली. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय, पण सातव्या वर्षी लोहाचे साठे आपोआप भरत नाहीत. लोह कमी असलेलं मूल फिकट दिसण्याच्या बरंच आधी चिडचिडं होतं, लक्ष टिकत नाही, रात्री पाय हलवत राहतं, काहीजण माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खातात. 5 ते 11 वर्षांत हिमोग्लोबिन 11.5 च्या खाली नसावं. पण ते ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून डॉक्टरांना फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची चाचणीही करायला सांगा. एका सुईत दोन्ही होतं.

तुम्ही लिहिलंय की तो सकाळी चहा-खारी खातो, संध्याकाळी पुन्हा अर्धा कप चहा, शिवाय दोन मोठे पेले दूध, त्यात चॉकलेटची पावडर. इथे माझं तुमच्याशी थोडं भांडण आहे. चहा मुलाला नकोच. त्यातलं कॅफीन संध्याकाळी गेलं की रात्रीची झोप पुढे ढकलतं, आणि चहातलं टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाही. ‘अर्धाच कप, तोही दुधाचा’ हे मला रोज ऐकायला मिळतं. पण सात वर्षांचं अंग आपल्या अंगाचा तिसरा हिस्सा असतं, अर्धा कप त्याला अर्धा नसतो. दूध चांगलंच, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. दुधात लोह जवळजवळ नाही आणि पोट दुधानं भरलेलं मूल भाजी-भाकरीला हात लावत नाही.

मग द्यायचं काय? फार काही आणायला नको. लिंबू पिळलेले पोहे, वर शेंगदाणे. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ, सोबत पेरूची फोड किंवा आवळा, कारण आंबट गोष्टीतलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह आत घेऊन जातं. राजगिऱ्याचा लाडू, थंडीत हळिवाचा लाडू. हळीव फक्त बाळंतिणीसाठी राखून ठेवण्याचं काही कारण नाही. घरात चालत असेल तर अंडं, मासे, मटण. गुळावर भिस्त ठेवू नका. गूळ साखरेपेक्षा बरा असेल, पण चिमूटभर गुळानं रक्त वाढत नाही. शाळेत दर आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देत असतील (ती पाचवी-सहावीच्या आतल्या मुलांसाठी 45 मिलिग्रॅमची असते) तर ‘उष्ण पडते’ म्हणून परत पाठवू नका. जंताची गोळीही तशीच. रात्री शीच्या जागी खाज सुटून तळमळणारी मुलं सकाळी वर्गात चुळबुळतातच. फक्त लोहाचं टॉनिक स्वतःच्या मनानं दुकानातून आणू नका आणि घरातली बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लोह जास्त झालं तर ते विष आहे.

आता बाटल्यांकडे येऊ. सासूबाईंचा राग नको, त्या ज्या परंपरेतून बोलतायत ती खरी आहे. चरकानं मेध्य म्हणजे बुद्धीला हितकर अशी चार रसायनं सांगितली: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. गंमत बघा, सासूबाईंची ब्राह्मी त्या चारांत नाहीच. आपल्याकडे कुंडीत लावतात ती गोल, बेडकाच्या पायासारख्या पानांची ‘ब्राह्मी’ ही बहुतेक वेळा मंडूकपर्णी असते आणि बाटलीवरची ब्राह्मी ही बारीक, मांसल पानांची दुसरीच वनस्पती. दोन्हींना लोक एकाच नावानं हाक मारतात. कुंडीतल्या पानांची चटणी किंवा कोशिंबीर केलीत तर माझी काहीच हरकत नाही, ती पालेभाजी आहे. बाटलीबद्दल मात्र माझी अपेक्षा माफक आहे. ऑस्ट्रेलियात 6 ते 14 वयाच्या चुळबुळ्या मुलग्यांना ब्राह्मीचा अर्क 14 आठवडे देऊन पाहिला. चुळबुळ आणि लक्ष या दोन मुख्य गोष्टींत औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा ठळक फरक पडला नाही. द्यायचंच असेल तर परवानाधारक कंपनीचं, वैद्यांना विचारून, मुलाचं वय-वजन सांगून, आणि आधी झोप व लोह पाहून.

एका बाबतीत मी कडक आहे. बिनलेबलची पुडी, कुणीतरी गावाहून पाठवलेलं भस्म, धातू घातलेलं कुठलंही चाटण नको. 2004 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आता शिशाचं काम काय, तर मुलांचं लक्ष आणि बुद्धी कमी करणं. एकाग्रतेसाठी औषध द्यायचं आणि त्यातूनच एकाग्रता घालवायची, असं होऊ नये. सुवर्णप्राशनाबद्दल माझ्याकडे भांडायला पुरावा नाही आणि शिफारस करायलाही नाही. काश्यपसंहितेत ते आहे, पण पुष्य नक्षत्राला रांगेत उभं राहून दोन थेंब घेतल्यानं गृहपाठ लवकर होतो असं मी पाहिलेलं नाही. त्यात मध असतो, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको. घरात धाकटं असेल तर हे लक्षात ठेवा.

जायफळाचंही सांगून ठेवते, कारण ‘झोप येत नाही तर दुधात जायफळ उगाळून दे’ हा सल्ला तुम्हाला आज ना उद्या मिळेलच. श्रीखंडात, बासुंदीत चिमूटभर ठीक. पण रोज उगाळून, वेढे मोजत देण्याची ती वस्तू नाही. जास्त झालं की मूल गुंगतं, छाती धडधडते, भलतंसलतं दिसायला लागतं. वाचा लवकर यावी म्हणून बाळांच्या जिभेला वेखंड लावायची पद्धत आहे, तीही मी थांबवायला सांगते. आणि लव्हेंडर? वास तुम्हाला आवडत असेल तर खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, पण बाटली कपाटात, कुलपात. लव्हेंडरपेक्षा मला निलगिरीच्या तेलाची आणि कापराची भीती वाटते. कापराची वडी गोड समजून तोंडात टाकलेली आणि तासाभरात झटके आलेली मुलं आम्ही डॉक्टर मंडळींनी पाहिलीत. देवघरातला कापूर वरच्या फळीवर जाऊ दे.

मूल ‘शांत’ करण्याची आपली घाई जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी देत, म्हणजे आई परत येईपर्यंत ते झोपून राही. त्या बायांना दोष द्यायचा नाही, त्यांना पाळणाघर नव्हतं की रजा नव्हती. पण गप्प मूल आणि स्वस्थ मूल यांत फरक आहे, तो त्या गोळीनं कायमचा दाखवून दिलाय. मोबाइल हातात दिल्यावर गप्प बसलेलं मूल पाहिलं की मला कधीकधी तीच गोळी आठवते.

साखरेचा मुद्दा चटकन उरकते, कारण जाऊबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. साखरेनं दात किडतात, वजन वाढतं, भूक मरते, म्हणून कमी करा. साखरेनं मूल ‘उधळतं’ हे मात्र नीट अभ्यासांत ठरलेलं नाही. 1994 मध्ये झालेल्या एका प्रयोगात आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिलीय, प्रत्यक्षात दिलं होतं बिनसाखरेचं गोड पेय. तरी आयांना मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांवर जास्त टीका करायला लागल्या. वाढदिवसाला केक खाऊन मुलं नाचतात ती केकमुळे नाही, वाढदिवसामुळे. खरा संशय घ्यायचा तर रंगांवर घ्या. इंग्लंडात साउदॅम्प्टनला 2007 मध्ये 3 आणि 8-9 वर्षांच्या मुलांना ठरावीक कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं, तेव्हा काही मुलांची चुळबुळ थोडी वाढली. 2010 पासून युरोपात अशा सहा रंगांच्या खाऊवर मुलांच्या लक्षाविषयी इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो हे चार आपल्याकडे चालतात, पाकिटामागे 102, 110, 122, 124 हे आकडे शोधा. परिणाम छोटा असतो आणि सगळ्या मुलांवर होत नाही. महिनाभर हे आकडे असलेला खाऊ बंद करून पाहा, खर्च काहीच नाही. गाड्यावरचा नारंगी गोळा आणि पिवळ्याधमक जिलबीवर तर आकडेही नसतात.

आता ज्या ‘नैसर्गिक’ उपायावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याकडे येते, आणि तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याला पळू द्या. रोज किमान तासभर, घाम येईपर्यंत. हा जागतिक आरोग्य संघटनेचाही 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठीचा आकडा आहे. तुमच्या वेळापत्रकात तो तीनला घरी येतो, खातो आणि साडेतीनला गृहपाठाला बसतो, ‘अभ्यास झाला की खेळायला सोडीन’ या बोलीवर. हा क्रम उलटा करा. सहा-सात तास बाकावर बसून आलेल्या मुलाला पुन्हा बसवायचं आणि बसत नाही म्हणून खेळ कापायचा, यानं घरोघरी संध्याकाळी रणं माजतात. आधी खाणं, मग खेळ, मग हातपाय धुऊन अभ्यास. शिक्षा म्हणून खेळ बंद, हे तर कधीच करू नका. ते म्हणजे ताप आला म्हणून पाणी तोडण्यासारखं आहे.

खेळही नुसता क्रिकेटचा क्लास नको, तिथे निम्मा वेळ रांगेत जातो. लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या, लंगडी असे ज्यात थांबावं लागतं, हूल ओळखावी लागते, आपला नंबर येईपर्यंत दम धरावा लागतो, असे खेळ बघा. लंगडीत तोल आणि संयम दोन्ही आहे. जवळ आखाडा किंवा व्यायामशाळा असेल तर मल्लखांब. चुळबुळ्या मुलांना स्वतःचं वजन पेलायला लावणाऱ्या हालचालीनंतर बरं वाटतं, हे मी वारंवार पाहिलंय, आणि खांबावर उलटं लटकलेल्या मुलाचं लक्ष दुसरीकडे जाऊच शकत नाही. झाडं असलेली जागा मिळाली तर उत्तम. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात लक्ष न टिकणाऱ्या मुलांना बागेत 20 मिनिटं चालवून आणल्यावर शहरी रस्त्यावर चालवलेल्यापेक्षा त्यांची एकाग्रता बरी दिसली. मुलं मोजकीच होती, पण बागेत नेऊन आणायला कुणाचा तोटा होत नाही.

घरात कामाला लावा. मटार सोलणं, शेंगा फोडणं, कणीक तिंबणं, कुंड्यांना पाणी, बादली उचलून मोरीत नेणं. कणकेचा गोळा मळताना मुलाचे खांदे खाली येतात, बघा कधीतरी. आणि ‘मदत’ म्हणून नको, ते काम त्याचंच असू दे. त्यानं नाही केलं तर कढईत मटार नाहीत, इतकं खरं.

अभ्यासाबद्दल: सात वर्षांच्या मुलाकडून सलग दहा-बारा मिनिटांची अपेक्षा ठेवा. स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं काम, तीन मिनिटं उठून पाणी-बिणी, पुन्हा दहा मिनिटं. अशा तीन फेऱ्या झाल्या की वही मिटायची, राहिलं तर राहिलं. बाईंना चिठ्ठी लिहा की इतक्या वेळात इतकंच झालं. चांगल्या बाई समजून घेतात. जमिनीवर पाटावर बसून, उभं राहून, पोटावर पडून लिहिलं तरी चालेल. एका वेळी एकच सूचना द्या. ‘वही काढ, तारीख घाल, पान नीट धर, पाय हलवू नको’ यातलं त्याला शेवटचंच ऐकू येतं.

तो भडकला की काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. त्या क्षणी उपदेश शून्य. खाली बसा, त्याच्या उंचीवर या, आवाज त्याच्यापेक्षा बारीक करा. ‘खूप राग आलाय तुला, गणित येत नाहीये म्हणून’ एवढंच म्हणा. श्वासाचा खेळ शांत वेळी शिकवून ठेवायचा, भांडणात नाही: चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, जणू समोरची मेणबत्ती विझू न देता नुसती हलवायचीय. भ्रामरीचं गुणगुणणं मुलांना आवडतं कारण त्यात आवाज काढायला मिळतो. पण तुमचाच श्वास वर लागलेला असेल तर त्याचा खाली येणार नाही. तुम्ही ताई, दिवसातून वीस मिनिटं तरी कुणाच्या तरी ताब्यात मुलगा देऊन बाहेर चक्कर मारता का? मी हे आईच्या लाडासाठी विचारत नाहीये, उपचाराचा भाग म्हणून विचारतेय.

मोबाइलवर लांबलचक बोलत नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये 5 ते 10 वर्षांसाठी दिवसाला दोन तासांच्या आतली मर्यादा सांगितलीय. मी दोनच नियम सांगते, जे पाळता येतात: जेवताना पडदा नाही आणि झोपायच्या खोलीत फोन नाही. घरातले सगळे फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, बाबांचासुद्धा.

आता तुमची भीती, गोळ्यांची. दोन महिने झोप नीट झाली, लोह-डोळे-कान-घोरणं पाहून झालं, खेळ सुरू झाला आणि तरीही घरी आणि शाळेत दोन्हीकडे तोच त्रास असेल, तो सहा महिन्यांहून जुना असेल आणि त्यापायी तो मित्र गमावत असेल, स्वतःला ‘मठ्ठ’ म्हणायला लागला असेल, तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, नीट तपासणी करा. ती रक्ताच्या चाचणीनं किंवा मेंदूच्या स्कॅननं होत नाही. आई-वडील, शिक्षक आणि मूल यांच्याशी बोलून होते. खाजगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसी म्हणतात त्याला, ती फुकट होते. निदान झालं तर सहा वर्षांखाली पालकांचं प्रशिक्षण आधी. तुमच्या मुलाच्या वयाला प्रशिक्षण आणि गरज पडली तर गोळी, दोन्ही विचारात घेतात. ती गोळी मुलाला झोपवून ठेवत नाही, आणि ज्या मुलाला तिची खरी गरज आहे त्याला ‘नैसर्गिक’च्या हट्टापायी दोन-तीन वर्षं मार आणि शेरे खायला लावणं मला जास्त धोक्याचं वाटतं. आणि काही गोष्टींना दोन महिनेही थांबायचं नाही: बोलता बोलता काही सेकंद नजर थिजणं, शिकलेलं विसरायला लागणं, मरणाच्या गोष्टी करणं, स्वतःला इजा करणं. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. रात्री-बेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

तूर्तास एवढं करा. एक वही घ्या आणि तीन आठवडे रोज चार गोष्टी लिहा: किती वाजता डोळा लागला, किती वाजता उठला, किती वेळ पळाला, गृहपाठाला किती वेळ लागला. चहा आजपासून बंद. रक्ताची चाचणी आणि डोळे या आठवड्यात. सिरपची बाटली तोवर कपाटातच राहू दे, म्हणजे फरक पडला तर तो कशानं पडला हे आपल्याला कळेल. आणि एखाद्या रात्री तो झोपल्यावर दोन तासांनी त्याच्या श्वासाचा मिनिटभर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला. तेवढा वेळ पंखा बंद करा, नाहीतर व्हिडिओत नुसता पंखाच ऐकू येतो.